छोट्या प्लांटेड टाकीचा लाईट: झाडं वाढत नाहीत किंवा शेवाळ हटत नाही, तेव्हा काय तपासायचं

प्लांटेड टाकी म्हणजे पाण्याखाली खरी झाडं लावलेली माशांची टाकी. तिच्यासाठी "कोणता लाईट घेऊ?" असं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या टाकीवर लाईट आधीच असतो. तो बदलला की सगळं मार्गी लागेल अशी आशा असते. हे दुखणं मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या टाक्यांमध्ये इतक्यांदा निस्तरलंय की आता फोटो बघायच्या आधी एकच विचारतो: लाईट रोज किती वाजता लागतो आणि किती वाजता बंद होतो? "सकाळी उठल्यावर लावतो, झोपताना बंद करतो" असं उत्तर आलं की अर्धं निदान तिथंच झालं.

इथे मी साधारण २० ते ६० लिटरच्या टाक्यांबद्दल बोलतोय. अशा टाकीत पाण्याची उंची कमी, त्यामुळे लाईट कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याची शक्यता मोठी. लोक मात्र उलटं गृहीत धरतात. झाड मलूल दिसलं की आणखी प्रखर लाईट आणतात, आणि महिन्याभरात काच हिरवी होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

लक्षणं

प्रकाश कमी पडत असेल तर सगळ्यात आधी खोडाची झाडं सांगतात. हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया ही मंडळी पृष्ठभागाकडे धाव घेतात. दोन पेरांमधलं अंतर वाढत जातं, खालची पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. जमिनीवर गालिच्यासारखी पसरायची ती झाडं आडवी जायचं सोडून वर मान काढतात. लाल जातींचे शेंडेसुद्धा हिरवेच राहतात.

प्रकाश जास्त होत असेल तर तक्रार झाडांपेक्षा शेवाळाची असते. काचेवर आणि अ‍ॅनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडांच्या जुन्या पानांवर हिरवे कडक ठिपके बसतात. बोटाने पुसून ते जात नाहीत, खरवडावे लागतात. शेंड्यांभोवती केसांसारखे धागे गुंडाळलेले दिसतात. कधी अख्खं पाणीच हिरवं होतं आणि मागची काच दिसेनाशी होते.

दोन्ही प्रकार एकाच टाकीत एकाच वेळी दिसू शकतात: वर शेवाळ, खाली काड्या. हे कोडं चौथ्या तपासणीत सुटतं.

आता काही लक्षणं अशी, की जी लाईटच्या माथी मारली जातात पण मूळ दुसरीकडे असतं:

- नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे बसणारा तपकिरी, भुकटीसारखा थर. हे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. पुसत राहा, पाणी बदलत राहा. टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप जातात.
- नव्या झाडांची पानं पारदर्शक होऊन विरघळणं. रोपवाटिकेत ही झाडं बरेचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यातली नवी काढतात. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी रुसते. मूळ घट्ट असेल तर उपटून फेकू नका.
- शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी: बहुतेकदा लोह कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं: पोटॅशियम. जुनी पानं सबंध पिवळी: नायट्रोजन.
- पानांच्या कडेला काळ्या दाढीचे झुपके. नाव काळी दाढी, पण जातीनं हे लाल शेवाळ. कार्बन डायऑक्साइड सतत कमीजास्त होणं आणि साचलेला गाळ ही त्याची नेहमीची कारणं. लाईट फार तर साथीदार.
- निळसर हिरवा, पापुद्र्यासारखा सुटणारा, उग्र वासाचा थर. हे शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहेत. नुसता लाईट बदलून ते जात नाहीत.

हात घालण्याआधी एक दोरा

एखाद्या खोडाच्या झाडाला, वरच्या शेंड्याच्या अगदी खाली, सुती दोरा सैल बांधा. टाकीचा समोरून एक फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी दोऱ्याच्या वर जे वाढलंय तेवढंच तुम्ही केलेल्या बदलाचं उत्तर असतं. दोऱ्याखालची पानं जुन्या दिवसांची. ती सुधारत नाहीत, आणि त्यांच्याकडे बघून "काहीच फरक नाही" असं ठरवणं ही नेहमीची चूक. माझ्याच टाकीत हायग्रोफिलाच्या दोऱ्याखाली पेरं जवळजवळ ४ सेंटिमीटर अंतरावर होती, दोऱ्यावर २ सुद्धा नव्हती. पानांचा रंग बघून मला हा फरक कळला नसता, फूटपट्टी लावली तेव्हा कळला.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे कळ काढा. तास, उंची, खत आणि पाणी एकाच रविवारी बदललंत तर कशाने काय झालं हे कायमचं गुलदस्त्यात.

१. तास मोजा

फुकटची तपासणी आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच काम होतं. लाईट "साधारण आठ तास" चालतो असं सांगणाऱ्यांना मी एक आठवडा वेळा लिहून ठेवायला सांगतो. कागदावर अकरा-बारा तास निघतात, सुटीच्या दिवशी चौदा. पाहुणे आले की टाकी लावायची, रात्री जाग आली की बघायला लावायची, हे सगळं त्यात धरावं लागतं.

नवी टाकी असेल तर ६ तास. झाडं रुजून टाकी भरली असेल तर ८. कार्बन डायऑक्साइड गॅस न सोडणाऱ्या छोट्या टाकीत याच्या वर जायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

यामागचं गणित असं. झाडाला नुसता प्रकाश पुरत नाही, सोबत कार्बन डायऑक्साइड लागतो. वेगळा गॅस सोडत नसाल तर पाण्यात तो मुळातच थोडा असतो, आणि लाईट लागल्यावर काही तासांत झाडं त्यातला बराचसा वापरून टाकतात. त्यानंतरच्या प्रकाशाचं झाडाला फारसं काही करता येत नाही. शेवाळाला मात्र फार थोडक्यात भागवता येतं. म्हणजे शेवटचे चार तास तुम्ही शेवाळासाठी वीज जाळत असता.

टायमर लावा. साधा प्लगचा टायमर पुरतो. एक बारीक गोष्ट: फिरत्या तबकडीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आल्यावर तिथूनच पुढे चालतो. दोन तास वीज गेली की तुमचं वेळापत्रक दोन तास सरकलं. आठवड्याने टाकी मध्यरात्री उजळलेली दिसली तर टायमर बिघडलेला नाही, फक्त घड्याळ पुन्हा लावायचंय. आत बॅटरी असलेल्या डिजिटल टायमरला हा त्रास नसतो.

तास कुठे बसवायचे ते तुमच्या सोयीने. संध्याकाळी घरी येऊन टाकीसमोर बसत असाल तर दुपारी अंधार ठेवा, दुपारी ३ ते रात्री १० लावा. झाडांची तक्रार नसते, वेळ रोज तीच असली म्हणजे झालं. काहीजण मधे तीन-चार तासांची विश्रांती देऊन दोन पाळ्या करतात. मीही केल्यात. मधल्या वेळात कार्बन डायऑक्साइड थोडा भरून निघतो, पण शेवाळावरचा रामबाण म्हणून त्याच्याकडे बघू नका. आणि रात्रभर निळा दिवा ठेवू नका. माशांनाही काळोख हवा असतो.

२. ऊन येतंय का बघा

तुम्ही लाईट सहा तासांवर आणलात, पण सकाळी तासभर खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर सगळं मुसळ केरात. उजेड असलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. भर उन्हात तोच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. डोळ्याला हा फरक तेवढा जाणवत नाही, कारण बाहुली लगेच आकसते. डोळा हे प्रकाश मोजायचं फार वाईट साधन आहे, आणि निम्मी गडबड त्याच्यावर विश्वास ठेवल्याने होते.

सुटीच्या दिवशी दर तासाने टाकीच्या काचेपाशी हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर ते थेट ऊन. पुसट पडली तर काळजी नाही. ऋतू बदलला की उन्हाची तिरीप सरकते, त्यामुळे "चार महिने छान होतं, मग अचानक पाणी हिरवं झालं" या तक्रारीत मी आधी खिडकीच बघतो. टाकी हलवणं शक्य नसेल तर त्या बाजूच्या काचेवर बाहेरून काळा कागद लावा.

३. पुसा

एकांच्या टाकीत गालिच्याचं झाड पिवळं पडत होतं. नवा, दुप्पट लाईट मागवायच्या बेतात होते. मी काचेचं झाकण उचलून खिडकीसमोर तिरकं धरलं. खालच्या बाजूला वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल एकमेकांवर चढून दुधी काच झालेली, कडेला हिरवा पट्टा. लाईटच्या स्वतःच्या पट्टीवरही तसाच थर. दोन्ही धुतलं आणि फोनवरच्या लक्समीटरचा आकडा तळाशी जवळजवळ दीडपट झाला. नवा लाईट आणायची गरज उरली नाही.

हे पांढरं म्हणजे पाण्यातले क्षार. पाणी उडतं, वाळतं, क्षार मागे राहतात. आधी लाईटचा प्लग काढा. झाकण टाकीपासून दूर नेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर लावा, दहा मिनिटं थांबा, मऊ कापडाने पुसा आणि साध्या पाण्याने चांगलं धुवा. अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाला घासणी लावू नका, ओरखडे पडतात आणि ते कायमचे. लाईट पाण्याखाली धरू नका, ओल्या कापडाने पुसून कोरडा करा.

याच फेरीत पृष्ठभाग बघा. तेलकट तवंग असेल तर कागदी रुमाल आडवा टेकवून उचला. तरंगती झाडं मोजा: डकवीड दोन आठवड्यांत छत बांधते आणि खाली रात्र होते. तिसरा हिस्सा झाकलेला राहू द्या, बाकी काढा. उलट, शेवाळ जास्त असेल तर थोडी तरंगती झाडं सोडणं हा लाईट मंद करायचा सोपा उपाय आहे, शिवाय ती पाण्यातलं नायट्रेटही खातात.

लाकडामुळे पाण्याला तपकिरी झाक आली असेल तर तीही प्रकाश अडवते, विशेषतः निळा भाग. पाणी बदलल्याने ती उतरते.

४. लाईटची उंची

वर शेवाळ आणि खाली काड्या, हे कोडं इथलं. समजा एकच बल्ब आहे. एका झाडाचा शेंडा बल्बपासून १० सेंटिमीटरवर आणि जमीन ३० सेंटिमीटरवर. अंतर तिप्पट, तर प्रकाश तिसरा हिस्सा नाही, नववा हिस्सा उरतो. शेंडा भाजून निघतोय आणि गालिचा उपाशी.

आता तोच बल्ब २० सेंटिमीटर वर उचला. शेंडा ३० वर, जमीन ५० वर. फरक नऊपटीवरून पावणेतीन पटीच्या आसपास येतो. एकूण प्रकाश घटतो हे खरं, जमिनीला आधीच्या साधारण तिसरा हिस्सा मिळतो. पण तो टाकीभर सारखा पडतो, आणि लाईटला मंद-प्रखर करायची सोय असेल तर कमतरता वाढवून भरून काढता येते. लांब पट्टीचा किंवा पसरट पॅनेलचा प्रकाश एवढ्या झपाट्याने घटत नाही, शिवाय टाकीच्या काचा बराच प्रकाश आतल्या आत परतवतात. म्हणून हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, दिशा मात्र तीच.

त्यामुळे शेवाळ ही मुख्य तक्रार असेल तर लाईट ५ ते १० सेंटिमीटर उचलून दोन आठवडे थांबा. स्टँडच्या पायांखाली ठोकळे ठेवलेत तरी चालतं, फक्त ते घसरणार नाहीत याची खात्री करा. कोपरे अंधारलेले असतील तर तेही याने सुधारतं. उचलायची सोयच नसेल आणि लाईट मंद होत नसेल तर पट्टी आणि झाकण यांच्या मधे पातळ पांढरी जाळी ठेवून बघा, फक्त लाईटची उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद करू नका.

५. फोनने मोजा

लक्समीटरचं फुकट अ‍ॅप घ्या. फोनचा प्रकाश मोजणारा भाग बहुतेकदा पडद्याच्या वरच्या कडेला असतो, पुढच्या कॅमेऱ्याजवळ. फोन पाण्यात घालायचा नाही. खोली अंधारी करा, लाईट टाकीवरून काढून कोरड्या जागी आधार देऊन धरा, आणि लाईटपासून जमीन जितकी दूर आहे तितक्याच अंतरावर फोन उताणा ठेवा. पाणी स्वच्छ आणि उथळ असेल तर तेवढ्या पाण्याने पडणारा फरक आपल्या कामापुरता सोडून देता येतो.

झाडांसाठीचा खरा मापदंड म्हणजे पार (PAR), दर सेकंदाला पानावर पडणारे झाडाला वापरता येणारे प्रकाशकण. त्याचं मीटर महाग असतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की पारचा ढोबळ आकडा मिळतो. जमिनीच्या पातळीवर पार १५ ते ३० म्हणजे मंद, म्हणजे फोनवर १००० ते २००० लक्स. ३० ते ५० मध्यम, फोनवर साडेतीन हजारांपर्यंत. ८० च्या वर, म्हणजे साडेपाच हजार लक्सच्या पुढे गेलात की तो प्रखर लाईट, आणि तिथे गॅस व नियमित खत नसेल तर शेवाळाला आमंत्रण.

फोनाफोनांत फरक पडतो. आकडा देववाणी समजू नका. मधोमध आणि कोपऱ्यात किती फरक आहे, झाकण पुसण्याआधी आणि नंतर किती, हे मात्र तोच फोन बरोबर सांगतो. गुलाबी-जांभळ्या लाईटवर ही युक्ती चालत नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे, त्यात हिरव्या-पिवळ्या रंगाला वजन जास्त आणि लाल-निळ्याला फार कमी.

६. झाडं आणि लाईट एकमेकांना शोभतात का

इथवर येऊन तास, ऊन, सफाई, उंची सगळं ठीक निघालं, तर बरेचदा लाईट चांगला असतो आणि झाडं चुकीची निवडलेली असतात.

अ‍ॅनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, बुसेफॅलेंड्रा आणि क्रिप्टोकोरीनच्या बऱ्याच जाती मंद प्रकाशात सुखी. त्यांना प्रखर लाईटखाली ठेवलं तर त्या जोमाने वाढत नाहीत, त्यांच्या पानांवर शेवाळ जोमाने वाढतं. व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, रोटाला रोटंडिफोलिया मध्यम प्रकाशात छान चालतात. हेमिअँथस क्यूबा, ग्लोसोस्टिग्मा, रोटाला मॅक्रँड्रा यांना प्रखर प्रकाश आणि सोबत कार्बन डायऑक्साइड हवा. यातलं दुसरं नसताना पहिलं देऊन मी दोनदा गालिचा गमावलाय.

मंद आणि प्रखर अशा दोन्ही गटांतली झाडं एकाच छोट्या टाकीत हवीच असतील तर अ‍ॅनुबियास लाकडाच्या सावलीत किंवा उंच झाडांच्या मागे बांधा. तिची आडवी खोडासारखी मुळी मातीत पुरू नका, कुजते. मग लोक पुन्हा लाईटला दोष देतात.

माझा सल्ला विचाराल तर गॅस नसलेल्या पहिल्या टाकीसाठी मंद ते मध्यम. वाढ सावकाश होते, कात्री कमी लागते, आणि चूक झाली तर सुधारायला वेळ मिळतो.

७. दिवाच आजारी आहे का

पट्टीतले तीनच दाणे ओळीने बंद, बाकी चालू: १२ व्होल्टच्या पट्टीत पांढऱ्या एलईडी बहुधा तीन-तीनच्या साखळीत जोडलेल्या असतात, त्यातली एक गेली की तिघीही गेल्या. बाकी पट्टी चालू राहते, पण ती साखळी का गेली ते बघा. आत ओल शिरली असेल तर पुढच्याही जाणार.

सगळी पट्टी लुकलुकते किंवा मंद झालीय: आधी अ‍ॅडाप्टरवर संशय घ्या. त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच पिनचा दुसरा लावून बघा. व्होल्ट वेगळा असेल तर पिन बसते म्हणून लावू नका. प्लस-मायनसची खूण दोन्हींवर जुळायला हवी.

जुन्या ट्यूबचा लाईट असेल तर ती डोळ्याला पूर्वीसारखीच उजळ वाटते, पण वर्षभरात तिचा उपयोगी प्रकाश बराच उतरतो. वर्षाने ती बदलायची पद्धत आहे. एलईडी इतक्या लवकर उतरत नाही, मात्र उष्णता बाहेर जायला वाट नसलेली पट्टी लवकर म्हातारी होते. तासभर चालल्यावर वरच्या भागाला कोरडा हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही.

८. आता नवा लाईट

वॅट बघून घेऊ नका. "गॅलनमागे इतके वॅट" हा नियम ट्यूबच्या जमान्यातला. एलईडीत वॅट म्हणजे फक्त वीज किती खाल्ली. प्रकाश किती दिला ते ल्युमेनमध्ये असतं. लिटरमागे १० ते २० ल्युमेन मंद, २० ते ४० मध्यम, त्यापुढे प्रखर, असा ढोबळ अंदाज. ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची टाकी म्हणजे काठोकाठ ४० लिटर. ८०० ल्युमेन मिळाले की ती मध्यमच्या उंबरठ्यावर. घरातला साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब जवळपास तेवढेच देतो. छोट्या टाकीची भूक एवढीच असते.

केल्विन हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो, ताकद नव्हे. ६५०० केल्विन दिवसाच्या उजेडासारखं दिसतं म्हणून बहुतेक लाईट तिथे असतात. ५००० ते ७००० मधलं काहीही झाडांना चालतं. "फक्त लाल-निळा प्रकाशच झाडं खातात" यावर जाऊ नका. हिरवाही ती वापरतात, आणि जांभळ्या उजेडात मासे बघायला कुणाला आवडणार?

मी तीन गोष्टी पाहतो. पट्टीची लांबी टाकीच्या लांबीच्या जवळपास हवी, नाहीतर दोन्ही टोकांना अंधार. मंद-प्रखर करायची सोय हवी, कारण मग अंदाज चुकला तरी भागतं. आणि आयपीचा, म्हणजे पाणी आणि धूळ रोखण्याच्या क्षमतेचा, आकडा हवा: आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरायची चाचणी पास, आयपी ६८ त्याहून पुढचं. झाकणावर ठेवायच्या लाईटलाही मी ६७ पेक्षा कमी घेत नाही, कारण छोट्या टाकीवरचे लाईट कधी ना कधी पाण्यात पडतात.

नवा लाईट पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावू नका. अर्ध्यावर, ६ तास. दोरा पुन्हा बांधा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर बारीक मुंग्या किंवा चटका जाणवला तर "कुठला लाईट, कुठला हीटर" हे स्वतः शोधत बसू नका. हात काढा, टाकीची सगळी वीज मेन बोर्डावरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. माशांना काही होत नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. मासा सगळीकडून पाण्यात असतो. तुम्ही एका हाताने पाण्यात आणि पायाने जमिनीवर असता.

लाईट पाण्यात पडला तर तो उचलायला आधी हात जातो. आधी मेन बंद, मग हात. थेट घरच्या विजेवर चालणारा लाईट पडला असेल तर वाळवून परत लावू नका. तपासून घ्या नाहीतर टाकून द्या. अ‍ॅडाप्टर भिजला, प्लगची पिन काळवंडली, जळका वास आला, किंवा लाईट लावताच दरवेळी फ्यूज किंवा ब्रेकर उडतो, तर हे सगळं माझ्या-तुमच्या कक्षेबाहेरचं. अ‍ॅडाप्टर आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा ब्रेकर आहे का ते बघून घ्या, नसेल तर बसवून घ्या. वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर लाईटचा विषय बाजूला ठेवा. हवेचा पंप वाढवा, अमोनिया आणि नायट्राइट तपासा, थोडं पाणी बदला. त्याने फरक पडला नाही तर माशांच्या आजारातल्या जाणकाराला दाखवा. शेवाळ मारायचं औषध कोळंबी असलेल्या टाकीत लेबल वाचल्याशिवाय टाकू नका; तांबं असलेली औषधं कोळंबीच्या जिवावर बेततात.

लाईट दुरुस्तीला गेला म्हणून टेबलावरचा दिवा टाकीच्या काठावर टेकवून ठेवण्याची घाई नको. फिल्टर चालू ठेवा. दोन-तीन दिवस अंधारात रुजलेल्या झाडांना काही होत नाही. पाणी हिरवं झालेलं असेल तर त्यावर आपण मुद्दाम हाच उपाय करतो, टाकीवर जाड कापड टाकून तीन दिवस पूर्ण काळोख. दुरुस्तीवाला उशीर करत असेल तर तेवढ्या दिवसांत हिरवेपणा बराच उतरलेला असेल.